टँकर कुठे होता?

११ जुलै १९९७ ला शुक्रवार होता. मी दहा वर्षांचा होतो. आमचं इंझोरी तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, वाशीम जिल्हा व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं. पेरण्यांचे दिवस, त्यामुळे मोठी माणसं शेतात. मुंबईत काहीतरी झालंय हे आम्हाला संध्याकाळच्या बातम्यांतून कळलं. घाटकोपरला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. का केला? तर जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता.

बाबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "टँकर पेटला असता त् किती लोकं मेले असते, माहीत हाय का?"

मला ते पटलं. दहा वर्षांच्या पोराला टँकर डोळ्यांसमोर दिसतो, तो फुटताना दिसतो. मेलेली दहा माणसं दिसत नाहीत.

दोन दिवसांनी शाळेत माझ्याच बाकावर बसणारा, बौद्धपुऱ्यातला मित्र मला म्हणाला, "टँकरजवळ कोनीच नव्हतं बे. गल्लीत गोया घातल्या." त्याचा मामा घाटकोपरकडे मजुरी करायचा. मी त्याला बाबांचं वाक्य ऐकवलं. तो गप्प झाला. पुढे आम्ही दहावीपर्यंत एकत्र शिकलो, पण त्या विषयावर परत कधी बोललो नाही.

एकाच गावात, एकाच बाकावर, एकाच घटनेची दोन 'खरी' कारणं होती. कोणत्या पोराकडे कोणतं कारण असेल, हे तो कोणत्या पुऱ्यात राहतो यावर ठरत होतं. हा लेख त्या दोन कारणांबद्दल आहे. त्यातलं एक खोटं होतं, आणि ते माझं होतं.

त्या सकाळी काय झालं

घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. मुंबईतल्या मोठ्या आंबेडकरी वस्त्यांपैकी ही एक. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी आलेली माणसं इथे राहतात. वस्तीच्या तोंडाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ११ जुलैच्या पहाटे लोकांना दिसलं, की पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातलाय.

लोक जमले. जवळच्या पोलीस चौकीत गेले. तिथे समाधान झालं नाही. सातच्या सुमारास काही लोक महामार्गावर उतरले आणि रस्ता अडवला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली. तुकडीचा प्रमुख होता उपनिरीक्षक मनोहर कदम. त्याने गोळीबाराचा आदेश दिला. गोळ्या रस्त्यावरच्या जमावावर गेल्या, तशाच वस्तीच्या दिशेने, गल्ल्यांमध्येही गेल्या. दहा माणसं मेली, सव्वीस जखमी झाली. मेलेल्यांमध्ये असेही होते ज्यांचा रास्ता रोकोशी संबंध नव्हता. सकाळची वेळ. कोणी घराबाहेर काय गोंधळ चाललाय ते बघायला आलं होतं, इतकंच.

त्या दिवशी वस्तीत पुढेही लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. राज्यभर निदर्शनं झाली, बंद पाळले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गाणारा हा माणूस शेवटच्या दिवशी डोक्याला निळं कापड बांधून गेला. चित्रपटकार आनंद पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. १९८५ च्या त्यांच्या 'बॉम्बे : अवर सिटी' या माहितीपटात घोगरे गायले होते. घोगरेंच्या मरणानंतर पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षं गेली.

मी तो माहितीपट २०१२ मध्ये पुण्यात, एका हॉस्टेलच्या खोलीत, मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला. सुरुवातीचा भाग संपेपर्यंत मला बाबांचं वाक्य आठवलं होतं, आणि बाकावरचा मित्रही.

टँकरचं कारण

सरकार तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं होतं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. पोलिसांची बाजू अशी, की जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, ते पेटले असते तर मोठा अनर्थ झाला असता, म्हणून गोळीबार करावा लागला.

या कारणाची ताकद कशात आहे ते बघा. त्यात मेलेली माणसं गुन्हेगार ठरतातच, शिवाय गोळी घालणारा तारणहार ठरतो. दहा मेले, पण हजारो वाचले. ऐकणारा माणूस नकळत त्या वाचलेल्या हजारांमध्ये स्वतःला मोजतो. इंझोरीत बसलेल्या माझ्या बाबांना घाटकोपरच्या टँकरचा काय धोका होता? काहीच नाही. तरी ते मनाने त्या महामार्गावर उभे होते, टँकरच्या बाजूला. गल्लीत उभे नव्हते.

वस्तीतले लोक पहिल्या दिवसापासून वेगळं सांगत होते. त्यांचं म्हणणं, टँकर आणि गोळ्या लागलेली माणसं यांच्यात अंतर होतं. टँकर वाचवायला झाडलेली गोळी गल्लीत कशी शिरेल? प्रश्न इतका साधा होता. त्याला फक्त जागेवर जाऊन उभं राहायची गरज होती.

सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. १९९८ मध्ये आयोगाचा अहवाल आला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि मनोहर कदमला जबाबदार धरलं. टँकरचा बचाव टिकला नाही.

आता स्वतःला विचारा. टँकरची बातमी तुमच्या घरात कधी पोचली असती? त्याच संध्याकाळी. आयोगाच्या अहवालाची? आमच्या घरात ती पोचलीच नाही. पेपरात आली असेल, आतल्या पानावर आली असेल. पण बाबांना ती आठवत नाही, आणि मलाही नाही.

आयोग म्हणजे न्यायालय नव्हे

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण गोळीबारानंतरचा अर्धा वाद या गोंधळातून होतो. 'आयोगाने दोषी धरलं' आणि 'शिक्षा झाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौकशी आयोग १९५२ च्या कायद्याखाली नेमला जातो. तो साक्षी घेतो, कागद मागवतो, निष्कर्ष काढतो. पण त्याचा अहवाल म्हणजे शिफारस. सरकारवर तो बंधनकारक नसतो. आयोगासमोर कोणी जे बोललं, ते त्याच्याविरुद्ध खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे आयोगानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून: गुन्हा, तपास, आरोपपत्र, साक्षीदार.

त्यात आणखी एक दार आहे. जमाव पांगवण्यासाठी बळ वापरायचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होता. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख तो वापरू शकतो, आणि ठाणेप्रमुख नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. कदम उपनिरीक्षकच होता. म्हणजे कायद्याने ज्या सर्वांत खालच्या पायरीवर हा अधिकार ठेवलाय, त्या पायरीवरच्या माणसाने त्या सकाळी निर्णय घेतला. आणि या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल खटला भरायचा, तर कलम १३२ प्रमाणे सरकारची परवानगी लागते. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता झालं, कलमांचे आकडे बदलले. ही व्यवस्था मात्र तशीच आहे.

अधिकार आहे याचा अर्थ मोकळीक आहे असा नाही. आधी इशारा, मग लाठी, अश्रुधूर, आणि सगळ्यात शेवटी गोळी. तीही जमाव पांगवण्यापुरती, धडा शिकवण्यासाठी नाही. हे तत्त्व पोलिसांना प्रशिक्षणातच शिकवतात. म्हणून गोळीबारानंतर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. इशारा दिला होता का? आधीच्या पायऱ्या वापरल्या का? गोळी कुठे लागली? जमाव पळू लागल्यावर गोळीबार थांबला का? 'लोक चिडले होते का' हा प्रश्न या यादीत नाही. लोक चिडलेलेच असतात, तेव्हाच तर पोलीस येतात.

७ मे २००९ ला मुंबईच्या सत्र न्यायालयाने कदमला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. घटनेला जवळजवळ बारा वर्षं झाली होती. पुढे अपील झालं आणि तो जामिनावर बाहेर आला.

बारा वर्षांत पहिलीतलं पोरगं बारावी पास होतं. तेवढा काळ टँकरचं कारण महाराष्ट्रभर फिरत राहिलं, आणि निकाल लागला तेव्हा ते ज्यांच्या डोक्यात बसलं होतं त्यांना निकालात रस उरला नव्हता.

गोळ्या कोणाच्या, हुतात्मे कोणाचे

इथे कोणी म्हणेल, हे त्या एका सरकारचं पाप. तसं नाही.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते, सरकार काँग्रेसचं होतं. त्या एका दिवशी पंधरा माणसं गेली. पुढे आंदोलनात मेलेल्यांची संख्या वाढत गेली, आणि शाळेत आपण १०६ हुतात्मे म्हणून पाठ केलं.

१० डिसेंबर १९८६ ला आमच्या शेजारच्या, आता हिंगोली जिल्ह्यात असलेल्या, सुरेगावला कापसाच्या भावासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले. सुरेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. आमच्या भागातले जुने शेतकरी संघटनेचे लोक अजून बिल्ला लावून ती गोष्ट सांगतात.

९ ऑगस्ट २०११ ला मावळात, पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करणारे शेतकरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले, त्यात एक बाई होती. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. तिथेही कारण सांगितलं गेलं की जमाव हिंसक झाला होता, दगडफेक केली. पण तोवर टीव्हीचे कॅमेरे सगळीकडे पोचले होते. पळणाऱ्या लोकांच्या मागे धावणारे, उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस लोकांनी आपल्या घरात बसून पाहिले. त्यामुळे 'जमाव हिंसक होता' हे कारण मावळात तेवढं टिकलं नाही.

चारही ठिकाणी मेलेली माणसं आपल्याच राज्याच्या पोलिसांच्या गोळीने मेली. पण आठवणीत त्यांची जागा सारखी नाही. फ्लोरा फाउंटनच्या चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. मुख्यमंत्री तिथे जाऊन फुलं वाहतात. मराठी माणूस म्हणून ते सगळ्यांचे. सुरेगाव आणि मावळ शेतकऱ्यांचे. रमाबाई नगरचं स्मारक रमाबाई नगरात आहे. ११ जुलैला तिथे जे अभिवादन होतं, त्याला कोण जातं ते बघा. माझ्या गावातून बौद्धपुऱ्यातले लोक जातात. आमच्या आळीतून आजवर कोणी गेल्याचं मला माहीत नाही.

फ्लोरा फाउंटनच्या मोर्चातही दगड मारले गेले असतील, काही जळलंही असेल. आज आपण ते विचारत नाही. 'पण जमावानेही काहीतरी केलं असेल' हे वाक्य आपण त्यांच्यासाठीच राखून ठेवतो, जे आपले वाटत नाहीत.

जाळी

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावातून येष्टीने जाताना एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांचा पुतळा, निळा कोट, हातात संविधान, आणि भोवती लोखंडी जाळी. बऱ्याच ठिकाणी आता सीसीटीव्हीसुद्धा. लहानपणी मला वाटायचं, जाळी सगळ्याच पुतळ्यांना असते.

ही जाळी रमाबाई नगरसारख्या सकाळींतून आली आहे. एक माणूस अंधारात येऊन पाच मिनिटांत काहीतरी करतो. उजाडल्यावर वस्ती रस्त्यावर येते. मग पोलीस येतात. आणि दुपारपर्यंत चर्चेचा विषय पुतळ्याला कोणी हात लावला हा न राहता रस्ता कोणी अडवला हा होतो. जाळी पुतळ्याला वाचवते. तिच्यामुळे ती वस्तीही त्या दुपारपासून वाचते.

हे १९९७ पुरतं नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग वस्त्यांमध्ये पोलिसांची धरपकड. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. इथे गोळी नव्हती. पण पहिलं कारण तसंच आलं. विधानसभेत त्याच्या श्वसनाच्या आजाराचा उल्लेख झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा असल्याचं निघालं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

त्या आठवड्यात माझ्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये परभणीचे व्हिडिओ येत होते. फुटलेली दुकानं, जळालेले पाइप. नुकसान खरं होतं, दुकानदारांचा राग खरा होता. त्याच वेळी गावातल्या दुसऱ्या एका ग्रुपमध्ये वस्तीत घुसलेल्या पोलिसांचे, बायकांना झालेल्या मारहाणीचे व्हिडिओ फिरत होते. ते मला फार उशिरा मिळाले, कारण मी त्या ग्रुपमध्ये नव्हतो. १९९७ मध्ये एका बाकावर दोन कारणं होती. आता एका गावात दोन ग्रुप आहेत. फोन सगळ्यांकडे आला म्हणून खरं सगळ्यांकडे पोचतं असं नाही. आपल्याला पटेल ते मात्र आधीपेक्षा लवकर पोचतं.

बाबा आणि मित्र

गेल्या वर्षी सुट्टीत गावी गेलो तेव्हा मी बाबांना रमाबाई नगरचं सगळं सांगितलं. आयोग, निकाल, जन्मठेप. ते आता सत्तरीत आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मंग टँकरचं काय?"

मी म्हटलं, "कोर्टानं नाई मानलं ते."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाले तवा कोनं सांगतलं असतं?"

मला त्यांचा राग आला नाही. त्यांना सांगणारे रेडिओ, टीव्ही, पेपर एकाच बाजूचं आधी सांगत होते, हे खरंच. पण सांगणारं कोणीच नव्हतं हे मात्र खरं नाही. सांगणारा माझ्या बाकावर बसला होता. मी त्याला बाबांचं वाक्य ऐकवून गप्प केलं होतं.

संध्याकाळी मी बौद्धपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. तो आता शेतीसोबत पिकअप चालवतो. चहा झाला, पोरांच्या शाळेचं बोलणं झालं, सोयाबीनच्या भावाचं झालं. मग मी म्हणालो, "तुले आठोते का, पाचवीत तू मले मुंबईच्या गोळीबाराचं सांगतलं होतं?"

"हो."

"तू खरं सांगत होता."

तो हसला. म्हणाला, "मले माहीत होतं ना बे."

मग आतून त्याच्या आईने विचारलं, जेवून जाशील का, आणि मी बसलो.